फुकटचं ऊन

आमचं अख्खं सासर आगीवर जगतं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली ही माणसं. पाऊस दगा द्यायचा म्हणून आधीच्या पिढ्यांनी गाव सोडलं, गलाईचा धंदा धरला आणि देशभर पांगली. कुठल्याही शहरातल्या सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, विट्याकडचं, आटपाडीकडचं नाहीतर तासगाव-कवठेमहांकाळचं कुणीतरी भट्टीपुढे बसलेलं सापडेल. जुनं सोनं घ्यायचं, मुशीत टाकायचं, टाकणखार मारायचा, वितळवून शुद्ध करायचं. करोल बागेत बँक स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, बीडनपुऱ्यात, रैगरपुऱ्यात असं काम चालतं. त्यातली एक भट्टी आमच्या मामांची. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. सोनं 1064 अंशांना वितळतं हे त्यांना कुणी शिकवलं नाही. भट्टीतल्या रंगाकडे बघून ते तेवढंच सांगतात, "झालं."

अशा घराचा मी जावई. केंद्र सरकारच्या एका खात्यात टिपणं लिहितो. आगीशी माझा संबंध चहापुरता. आणि तरी पाणी कसं तापवावं या विषयावर त्या घराला शिकवायला मी निघालो.

या सगळ्याचं मूळ करोल बागेत नाही, कोथरूडमध्ये आहे. तिथे माझे साडू राहतात. बाकीच्या घरांत पाहुण्याला आधी पाणी देतात, साडूंकडे आधी गच्ची दाखवतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो तर बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी मला वर नेलं. तिथे त्यांचा सौर बंब होता. "लावा, पाइपाला हात लावा," ते म्हणाले. मी लावला. भाजला. "आमच्याकडे गीझर नाही," साडू म्हणाले. "आणि महापालिका मालमत्ता करात सवलत देते, ती वेगळीच." हे ऐकताना हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला संसाराच्या सगळ्या वर्षांचा हिशेब दिसला. पुढे कधीतरी मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "मी घड्याळ बघत होते. तुमच्या मागच्या भिंतीवर होतं. भूक लागली होती."

पण तोवर उशीर झाला होता.

दिल्लीला परतल्यावर मी अभ्यासाला लागलो. सरकारी माणूस अभ्यासाला लागला की घरच्यांनी सावध व्हावं. रात्री जेवताना मी थर्मोसायफन समजावून सांगायचो. पाणी तापलं की हलकं होतं, हलकं पाणी वर टाकीत चढतं, टाकीतलं थंड, जड पाणी खाली उतरतं, तापतं, पुन्हा वर. पंप नाही, मोटर नाही, दिवसभर आपलं आपण फिरत राहतं. हिने वरणाची वाटी माझ्या हातातून काढून घेतली, कारण तीच मी टाकी म्हणून वापरत होतो. "बंबात हेच तर व्हायचं," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात गोवरी, बुरकांडं, तुरकाट्या काय असेल ते घालायचं, भोवती पाणी. मी म्हटलं, "बंबाला जळण लागतं. याला काही लागत नाही. ऊन फुकट आहे."

"आपली वीजसुद्धा फुकट आहे," ती म्हणाली.

हे खरं होतं. दिल्लीत ऑगस्ट 2019 पासून महिन्याला 200 युनिटच्या आत राहिलं की बिल शून्य येतं. आमचं शून्यच यायचं. म्हणजे गीझर बंद करून मी वाचवणार होतो ते शून्यातून. पण कोथरूडच्या गच्चीवर हात भाजलेल्या माणसाला हे असं समोरून सांगून समजत नसतं. "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. तत्त्वाची किंमत वीसेक हजार निघाली.

घरात विरोध वाढला तसा मी इतिहास काढला. 1878 साली मुंबईत विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रजाने उन्हावर पाणी उकळून दाखवलं होतं. हा गृहस्थ मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार. म्हणजे माझ्यासारखाच कागदांतला माणूस. त्याने कुलाब्यात सपाट आरशांची रांग लावली, सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं, वाफ काढली आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून लोकांना दाखवला. वर पुस्तक लिहिलं, की उष्ण देशांत सरपण आणि कोळशाऐवजी ऊन वापरा. मी हे फार रंगवून सांगितलं. मेहुणा त्या दिवशी जेवायला होता. तो म्हणाला, "दाजी, मग फुडं काय झालं? मुंबईत तसले पंप कुठं दिसत न्हाईत." मी त्याला भात वाढला.

खरं तर इतकं लांब जायची गरज नव्हती. आमच्या घरापासून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटांवर, पुसा संस्थेच्या शेजारी, राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. पन्नासच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी सूर्यचूल तयार केली होती. वर्तमानपत्रांतून गाजली, बाजारात आली आणि लोकांनी ती घेतली नाही. ज्याला ऐन दुपारी रणरणत्या उन्हात उभं राहून पोळ्या भाजायच्या नसतात त्याला ती घेण्याचं कारण नव्हतं. या गोष्टीतून माझ्यासारख्याने काही घ्यायला हवं होतं. मी एवढंच घेतलं, की आपला परिसर या विद्येचं माहेरघर आहे.

दुकानात दोन प्रकार होते. एक चपट्या पेटीचा. वर जाड काच, आत तांब्याचा काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, पाठीमागे उष्णता धरून ठेवणारं अस्तर. चीज उत्तम, वर्षानुवर्षं टिकणारी. पण आमच्याकडच्या जड पाण्याचा खार त्या बारीक नळ्यांत बसतो आणि हृदयरोग्याच्या धमन्यांसारखं होतं, असं दुकानदार म्हणाला. त्याला त्या दिवशी दुसरा प्रकार खपवायचा होता हे मला नंतर कळलं, पण मुद्दा बरोबर होता. दुसरा प्रकार काचेच्या नळ्यांचा. प्रत्येक नळी दुहेरी भिंतीची, दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली. आतल्या भिंतीवर काळा लेप. ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. थर्मासमध्ये हीच युक्ती असते. नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो चकचकीत आहे तोवर पोकळी शाबूत, तो दुधासारखा पांढरा पडला की हवा शिरली, नळी गेली. मला हा डाग इतका आवडला, की मी तेवढ्यावर खरेदी केली. शंभर लिटरची टाकी आणि दहा नळ्या. 2010 साली केंद्र सरकारने सौर अभियान काढलं तेव्हा 2022 पर्यंत देशात दोन कोटी चौरस मीटर असे संग्राहक बसवायचं ठरलं होतं. त्यात माझी दीड चौरस मीटरची भर उशिरा का होईना पडली, हे मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दिल्लीच्या बिल्डर फ्लोअरमध्ये गच्ची वरच्या मजल्याच्या मालकाची असते. त्या एका हक्कापायी आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीत घर घेतलं. संग्राहकाचं तोंड दक्षिणेला हवं. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. टाकीच्या लोखंडी स्टँडशेजारी उभं राहिल्यावर त्याने दक्षिण दाखवली झंडेवालानकडे. दोन पावलं सरकलो तर पुसाकडे. प्लंबर पाना हातात घेऊन मला गच्चीभर फिरताना बघत होता. "बाबूजी, आप बता दो, हम लगा देंगे," तो म्हणाला. शेवटी मामा चार मजले चढून आले. त्यांनी कोपऱ्यातली एक काठी उभी धरली. दुपारचे बारा वाजून गेले होते. आखूडशी सावली पडली. "सावली पडली ती उत्तर," मामा म्हणाले आणि घाम पुसत खाली गेले. कर्कवृत्ताच्या वर राहणाऱ्या माणसाची मध्यान्हीची सावली बाराही महिने उत्तरेलाच पडते हे मीही भूगोलात शिकलो होतो. पण माझ्याकडे मोबाइल होता.

मग आली जोडणी. गरम पाण्याचा पाइप गच्चीवरून आमच्या न्हाणीघरात न्यायचा होता. मागच्या शाफ्टमध्ये पाइपांचं जंगल होतं. प्लंबर म्हणाला, नवा पाइप टाकू. त्याचा खर्च ऐकून माझ्यातला खानापूरचा जावई जागा झाला. शाफ्टमधून एक जुना पाइप आमच्या भिंतीला लागूनच खाली जात होता. "ये किसका है?" मी विचारलं. "किसी का नहीं, पुरानी लाइन है," प्लंबर म्हणाला. "तो इसी में टी मार दो," मी म्हणालो. टी मारली. या वाक्याकडे आपण पुन्हा येऊ.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, की टाकी पहिल्यांदा पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरावी. आमच्या भागात जल बोर्डाचं पाणी सकाळी येतं. त्या दिवशी प्लंबर उशिरा आला, पाणी जाऊन मोटर बंद झालेली. वरची टाकी भरेपर्यंत दुपारचा एक वाजला. मे महिना. रिकाम्या नळ्या सकाळपासून उन्हात तळत होत्या. अशा नळ्यांच्या आतलं तापमान दोनशे अंशांच्या पुढे जातं. मी उद्घाटनाचा नारळ फोडला आणि कॉक उघडला. फट्ट. मग पुन्हा फट्ट. मला वाटलं नारळाचाच आवाज रेंगाळतोय. गच्चीवर बारीक काच पसरली. एका नळीला भोक पडलं की सगळी टाकी त्या भोकातून रिकामी होते, हेही ज्ञान लगोलग झालं. ते पाणी पन्हाळीतून थेट खालच्या गल्लीत उभ्या असलेल्या स्कूटरवर गेलं. संध्याकाळी मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थंड मूस भट्टीत घातली की तडकती. आमच्याकडं हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत्यात." नव्या पोरांचं वय सोळा असतं.

नळ्या बदलल्या. आणि काय सांगू, यंत्र चाललं! असं चाललं, की मे आणि जूनमध्ये टाकीच्या हवेच्या नळीतून वाफ निघायची. ऐंशी-नव्वद अंशांचं शंभर लिटर पाणी रोज तयार. अडचण एवढीच, की त्या दिवसांत दिल्लीत 44 अंश होते आणि गच्चीवरच्या साध्या काळ्या टाकीतलं पाणीदेखील अंगावर घेता येत नव्हतं. गरम पाणी दोन्ही नळांना होतं. थंड पाणी हवं होतं. ते हिच्याकडे होतं. दिल्लीत जुन्या बायका एक युक्ती करतात. उन्हाळ्यात गीझरची वीज बंद करून त्यात रात्रीचं गारलेलं पाणी भरून ठेवतात. गीझरला आतून उष्णतारोधक अस्तर असतं, ते बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. दुपारी ते पाणी काढायचं. म्हणजे जूनमध्ये आमच्या घरात गीझर थंड पाणी देत होता आणि सौर बंब असं पाणी देत होता ज्यात फक्त बटाटे उकडता आले असते. मी एकदा ते सुचवलंही.

माकडांबद्दल थोडक्यात सांगतो. करोल बागेच्या मागे रिजचं जंगल आहे, तिथून टोळ्या येतात. झंडेवालानजवळची 108 फुटी हनुमानाची मूर्ती मेट्रोतून जाताना दिसते, तिच्या परिसरात माकडावर काठी उगारायची कुणाची टाप नाही. मंगळवारी तर केळी मिळतात. आमच्या टाकीच्या ऊबदार पाठीवर एक थोराड हुप्प्या येऊन बसायचा. त्याने एका नळीच्या टोकाचा तो चकचकीत डाग फार बारकाईने पाहिला, मग नळी उपसली. त्यालाही तो आवडला असावा.

दिवाळीत मात्र सगळं उट्टं काढायचं असं मी ठरवलं. मामांच्या भट्टीवरची कारागीर पोरं भट्टीवरच्याच माळ्यावर झोपतात, बादलीभर पाण्यात उरकतात. नरकचतुर्दशीला ती पहाटे आमच्याकडे येतात, अभ्यंगस्नान करतात, फराळ करून जातात. दरवर्षी ही रात्रभर गॅसवर पातेली चढवते. यंदा मी गॅसला आणि गीझरला मनाई केली. आदल्या दिवशी संध्याकाळी पाइपाला हात लावून बघितला होता, भाजला होता, माझी खात्री होती. पहाटे पाचला पोरं पंचे गुंडाळून जिन्यात ओळीने उभी. अंगाला तेल, तेलावर उटणं, हातात मोती साबण. मी पायरीवर उभा राहून थर्मोसायफन सांगितला. संक्षेपात सांगितला, पण उटणं तेवढ्यात वाळायला लागलं. मेहुणा पहिला आत गेला.

"दाजी, पाणी गार हाय."

"पहिलं पाइपातलं असतं. ते जाऊ दे."

ते गेलं. दुसरी बादली गेली. तिसरी गेली. नोव्हेंबरातली दिल्लीची पहाट. जितकं पाणी सोडावं तितकं ते जास्त गार येत होतं. आत मेहुणा, बाहेर पिवळ्या हिरव्या रंगाची कुडकुडणारी पोरं. त्यातल्या सगळ्यात लहानाने हळूच विचारलं, "मामा, पुसून टाकू का?" ही काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. तो माझ्या वीस हजारांवर पेटला होता.

मी बॅटरी घेऊन पाइपाचा माग काढत निघालो. तिसरा मजला, कोरडा. दुसरा, कोरडा. तळमजल्यावर बीजींच्या न्हाणीघराच्या खिडकीतून वाफेचे ढग बाहेर येत होते.

बीजी ऐंशीच्या पुढच्या. फाळणीत लहानपणी लायलपुराहून आलेल्या. पहाटे साडेतीनला उठून अमृतवेळेला आंघोळ करून पाठाला बसतात. त्यांच्याकडे एक जुना नळ कित्येक वर्षं कोरडा होता. दसऱ्याच्या सुमारास कामवालीने घासताना तो सहज फिरवला, तर कढत पाणी. तेव्हापासून बीजी त्याच पाण्याने आंघोळ करत होत्या, भांडी घासून घेत होत्या, रजयांच्या खोळी धुऊन झाल्या होत्या. शेजारणींनाही बोलावून दाखवलं होतं. त्यांना हे गरम पाणी कुठून येतं याबद्दल काडीची शंका नव्हती.

"बिजली मुफ्त, पानी मुफ्त," बीजी मला म्हणाल्या, "ते हुण गरम पानी वी मुफ्त! रब भला करे सरकार दा."

दिल्लीत महिन्याला 20,000 लिटरपर्यंत पाणी माफ आहे, म्हणजे बीजींचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. सरकारने पुढचं पाऊल टाकलं असं त्यांना वाटलं. आणि एका अर्थी ते पाऊल सरकारी नोकरानेच टाकलं होतं. मी टी, जुनी लाइन, प्लंबर हे सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाटीभर कडाह प्रसाद दिला. वर येऊन मी जाहीर केलं, की आजच्या आज ती टी कापतो. ही पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचं गरम पाणी तोडायचं नाही. सणासुदीचं तर नाहीच." पोरांनी माना डोलावल्या. त्यांचा मूड आता सुधारला होता, पाणी गॅसचं होतं.

पुढे खरी थंडी आली आणि दोन गोष्टी एकदम कळल्या. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी आणखी एक मजला चढवला होता. परवानगीचा प्रश्न करोल बागेत कुणी काढत नाही, मीही काढला नाही. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंत असो नसो, फरक पडला नसता. डिसेंबरात मात्र 21 तारखेला ऐन दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, दिल्लीत 38 वर. दहा फुटी भिंतीची सावली पुण्यात नऊ फूट पडेल, ती दिल्लीत तेरा फूट पडते. माझा संग्राहक भिंतीपासून अकरा फुटांवर होता. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा नको, तेव्हा पुरेपूर ऊन. हिवाळ्यात, जेव्हा हवं, तेव्हा शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीची गारेगार सावली. सूर्य सगळ्यांचा, भिंत त्यांची. हे गणित मी कागदावर अचूक मांडलं. आकृतीसकट. फक्त सहा महिने उशिरा.

दुसरी गोष्ट धुकं. जानेवारीत दिल्लीत कधी कधी दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. नुसता राखाडी उजेड येतो, जातो. टाकीतलं पाणी कोमट म्हणावं अशा पायरीलाही पोचत नव्हतं. मामा म्हणाले, "आमच्या मुशीत हजारावर जातंय, तुझ्या खोक्यात चाळीसला जाईना. तूच जरा फुंकर घाल बघ."

आणि याच महिन्यात साडूंचा फोन आला. 26 जानेवारीचं संचलन बघायला ते सहकुटुंब येणार होते. "आता बघतोच तुमचा सौर बंब," ते म्हणाले.

मी कसा वागलो ते सांगायला लाज वाटत नाही, कारण घरातल्या सगळ्यांनी ते आधीच सगळ्यांना सांगितलेलं आहे. सौर टाकीत ढगाळ दिवसांसाठी दोन किलोवॅटचा विजेचा हीटर असतो. त्याचं बटण ममटीत, म्हणजे गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, शेवटच्या पायरीशी. साडू येण्याआधी मी न्हाणीघरातल्या गीझरचा प्लग काढून त्याच्यावर टॉवेल टाकला. रोज रात्री सगळे झोपले, की माकडटोपी घालून वर जायचं, बटण दाबायचं, तास-दीड तासाने बंद करायचं. पण शंभर लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला पाच युनिटच्या वर वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी अडीच तासांहून जास्त. त्यातही पहिला वाटा साडेतीनला उठणाऱ्या बीजींचा. त्यांनी काढून घेतलं, की टाकीत पुन्हा थंड पाणी. म्हणजे पुन्हा चारला वर जायचं, साडूंच्या वाट्याचं वेगळं तापवायचं. हिने एका रात्री दारातच अडवलं. "कुठे?" "गच्चीचं दार लागलंय का बघतो." "मघाशी बघितलं ना?" "पुन्हा उघडलं असेल." ती वळून झोपली. माझ्यावर संशय घेण्याचाही तिला कंटाळा आला होता.

साडूंना पहाटे गच्चीवर प्राणायाम करायची सवय. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं अशा धुक्यात ते चाचपडत टाकीपर्यंत गेले आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला हात लावला. भाजला. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. त्यांच्या तोंडून किती तरी वेळ शब्द फुटला नाही. मग ते म्हणाले, "कमाल आहे! आमच्याकडे दोन दिवस ढग आले तर गीझर लावावा लागतो."

"म्हणजे आहे तुमच्याकडे गीझर?" मी विचारलं.

"एक छोटासा," साडू म्हणाले. आणि जिथे सूर्य असायला हवा होता त्या दिशेला, म्हणजे अंदाजे शेजाऱ्यांच्या भिंतीला, त्यांनी हात जोडले. माझ्या सगळ्या सौर आयुष्यात तेवढा एक क्षण पैसे वसूल झाल्याचा होता.

पैसे वसूल झाले ते खरं तर विजेच्या कंपनीचे. फेब्रुवारीत बिल आलं. युनिट 200 च्या वर गेले होते. दिल्लीत ती रेषा ओलांडली, की फक्त वरचे युनिट नाही, आधीचे 200 सुद्धा फुकट राहत नाहीत. सवलत निम्म्यावर येते आणि बाकीचं भरावं लागतं. कित्येक महिने शून्य येणाऱ्या घरात हा आकडा हिने मोठ्याने वाचला. मग दिव्याखाली धरून पुन्हा वाचला. मग विचारलं, "हे सौर ऊर्जेचं बिल का?" त्या महिन्यातही बीजींचं बिल शून्य होतं. गरम पाणी आमच्या मीटरवर.

साडूंनी कोथरूडला जाऊन माझी ख्याती पसरवली. त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात मी 'ऐन धुक्यात सौर ऊर्जा' या विषयावर बोलावं असं आमंत्रण आलं आहे. शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचं एसीचं तिकीट. मी होकार कळवून टाकला. भाषणात अॅडम्स येणार, प्रयोगशाळा येणार, 38 अंश येणार. ममटी बहुधा येणार नाही. हीसुद्धा येणार म्हणते, पहिल्या रांगेत बसायला.

निघायची तारीख बीजींना सांगायला परवा खाली गेलो. त्या उन्हात खाट टाकून मटार सोलत होत्या. तारीख त्यांनी ऐकून घेतली, पुण्याला काय मिळतं ते विचारलं, मग मटाराची परात बाजूला सारून म्हणाल्या, "पुत्तर, वो तेरे पूनेवाले मेहमान फिर कब आएँगे? जब वो थे, पानी बड़ा गरम आता था."